शाई प्यायलेले तुकडे

माझ्यावर सर्वात जास्त उपकार कुणाचे असं कुणी विचारलं तर मला थांबून आठवावं लागत नाही. माझ्या आत्याचे. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. वसईजवळ वालीवला एका कारखान्यात चिनी मातीचे फ्यूज तयार होतात, तिथे चेकिंगच्या टेबलावर ती कितीतरी वर्षं बसते आहे. शिक्षण सातवी पास. मी पदवीधर होईपर्यंत आमच्या घराण्यातली ती सर्वोच्च पदवी होती आणि आत्या ती तशीच मिरवायची. घरात एखादा कागद वाचायची वेळ आली की बाकीचे बाजूला सरायचे आणि कागद तिच्या हातात जायचा.

आमचं गाव कळंबच्या बाजूला, भातशेतीचं. आजोबा मिठागरावर जायचे. शाळा जिल्हा परिषदेची, पुढे शेजारच्या गावातलं हायस्कूल. बारावीनंतर वसईच्या कॉलेजात नाव घातलं तेव्हा आत्या म्हणाली, "रोज गावातून कुठे येतोस? माझ्याकडे राहा. मी एकटीच हाय." नालासोपाऱ्याला तिची एक खोली आणि स्वयंपाकघर. काका वारलेले, मुलगी लग्न होऊन पालघरकडे गेलेली. मी पाच वर्षं तिथे राहिलो आणि एम.एस्सी. झालो. पीएच.डी.ला मुंबईच्या कॉलेजच्या वसतिगृहात गेलो, तरी दर रविवारी जेवायला तिच्याकडेच.

आत्याला एक सवय होती. फ्यूज नीट भाजला असेल तर टिचकी मारल्यावर टण्ण वाजतो, आत तडा असेल तर बद्द. दिवसभर तेच ऐकून तिचा हात टिचकीशिवाय राहत नसे. बाजारात कप घ्यायचा तर टिचकी. माठ, नारळ, शेजाऱ्यांनी नव्याने घेतलेल्या फ्लॅटची भिंत, सगळ्यांना टिचकी. शेजाऱ्यांच्या भिंतीला ती "बद्द" म्हणाली आणि ते सहा महिने आमच्याशी बोलले नाहीत. माझं पदवीचं प्रमाणपत्र फ्रेम करून आणलं तेव्हा तिने काचेला टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाली, "चांगलं हाय."

पीएच.डी.चा माझा विषय सच्छिद्र सिरॅमिक हा होता. अपघातात किंवा गाठ काढताना हाडाचा एखादा तुकडा जातो. तिथली पोकळी आपोआप भरत नाही. तिथे सिरॅमिकचा तुकडा बसवला तर शेजारचं हाड त्यात वाढू शकतं, पण एका अटीवर. तुकड्यात भोकं हवीत आणि ती भोकं एकमेकांना जोडलेली हवीत. पेशी त्या वाटेने आत शिरतात, मागोमाग रक्तवाहिन्या जातात, हळूहळू हाड तयार होतं. त्याच भोकांत औषध भरून ठेवलं तर ते अनेक दिवस थोडं थोडं झिरपत राहतं आणि जखम चिघळत नाही. करायची रीत ऐकली की लोकांचा माझ्या शिक्षणावरचा विश्वास उडतो. साधा स्पंज घ्यायचा. हाडात जे खनिज असतं त्याच खनिजाची पावडर पाण्यात कालवायची. त्या लगद्यात स्पंज बुडवून पिळायचा, वाळवायचा, भट्टीत घालायचा. स्पंज जळून जातो आणि त्याच्या आकाराचं, तसंच भोकाभोकांचं सिरॅमिक उरतं. पहिला स्पंज मी नालासोपाऱ्याच्या एका गादीवाल्याकडून आणला. त्याने विचारलं, "सोफ्याला की उशीला?" मी म्हणालो, "मांडीच्या हाडाला." त्याने सोफ्याचा दिला.

अडचण भट्टीची होती. कॉलेजची भट्टी बंद पडली होती. दुरुस्तीसाठी अर्ज केला तर उत्तर आलं की भट्टी बंद आहे हे भट्टी चालू करून दाखवावं. त्यावर आमच्या मॅडमनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, तीन पत्रं लिहिली. सहा महिने गेले. एका रविवारी मी आत्याकडे हे रडगाणं गात होतो. ती वाल सोलत होती. म्हणाली, "किती तापवायला लागते?"

"साडेबाराशेपर्यंत."

"मग आमची रोजच तापते."

दुसऱ्याच दिवशी ती कारखान्याच्या शेठसमोर उभी राहिली. मला तिने नंतर सगळं बोलून दाखवलं, शेठच्या आवाजासकट.

"शेठ, माझ्या भाच्याला हाडं भाजायची हायत."

"कोणाची?"

"कोनाची नाय. खोटी."

"खोटी? म्हणजे डुप्लिकेट माल?"

"नाय शेठ, खरी खोटी. दवाखान्यात बसवतात ती."

शेठच्या पायात जुन्या अपघातातली स्टीलची पट्टी होती. हाडाचं नाव निघालं की ते पँट वर करून ती जागा दाखवायचे. आत्याला त्यांनी ती याआधी चार वेळा दाखवली होती, पाचव्यांदा दाखवली आणि परवानगी दिली. अट एकच घातली. त्यांच्या कारखान्यातून जो माल बाहेर पडेल त्याला त्यांचे सगळे नियम लागू. मी आनंदाने मान्य केलं. नियम काय आहेत हे विचारायचं मला सुचलं नाही.

चेकिंगचा नियम असा होता. प्रत्येक ट्रेमधले दोन नग फोडायचे, गुलाबी शाईत बुडवून ठेवायचे, मग धुऊन बघायचे. चांगली भाजलेली चिनी माती शाईला आत घेत नाही, पाण्याने धुतली की पुन्हा पांढरी होते. शाई आत शिरली म्हणजे मातीत भोकं आहेत, आणि असा फ्यूज कुणाच्या तरी घरात आग लावणार. दोन नग शाई प्यायले की अख्खा ट्रे नापास. नापास ट्रे टेबलावरच हातोडीने फोडायचा, कारण पूर्वी कुणीतरी नापास माल गुपचूप बाजारात विकला होता.

माझे पहिले चाळीस तुकडे भट्टीतून निघाले त्या दिवशी मी कॉलेजात प्रॅक्टिकल घेत होतो. संध्याकाळी आत्याकडे गेलो तर तिने दारातच डबा पुढे केला. जेवणाचा स्टीलचा डबा. उघडला तर आत चुरा.

"सगळे हायत. एक कन पन सांडू दिला नाय," ती म्हणाली.

"आत्या, फोडलेस?"

"शाई प्यायले रे. घटाघट प्यायले. असे पिनारे मी उभ्या जन्मात बघितले नाय."

"ते माझे होते हे तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं म्हनून तर फोडले. तुझे म्हनून सोडले असते तर टेबलावरच्या बाया काय म्हनल्या असत्या?"

मला राग आला होता, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. भाचा नापास झाला म्हणून. इतकी वर्षं शिकवला आणि साध्या मातीत भोकं ठेवून आला म्हणून. मग मी तिच्यासमोर बसलो आणि भोकं मुद्दाम ठेवली आहेत हे समजावून सांगितलं. हाडाला आत राहायला खोल्या लागतात म्हणालो, आणि एका खोलीतून दुसरीत जायला दारं.

"म्हंजे चाळ."

"हो, चाळच समज."

"मग जिना कुठे हाय?"

हा प्रश्न पुढे मला एका परिषदेत एका मोठ्या शास्त्रज्ञांनी वेगळ्या शब्दांत विचारला. वरच्या थरातल्या भोकांचा खालच्या थराशी संबंध कसा राखता, असं ते म्हणाले. आत्याला उत्तर देताना मी अडखळलो होतो, म्हणून तोपर्यंत उत्तर तयार होतं.

दुसऱ्या खेपेला मी चाळीस तुकडे पुन्हा नेऊन दिले आणि आत्याने टेबलावरच्या सगळ्या बायांना चाळीची गोष्ट सांगून ठेवली. कुणीही फोडणार नव्हतं. पण भट्टीवर जे चाचा होते त्यांना ही गोष्ट पोचली ती अर्धीच. ते उत्तरेकडून तरुणपणी आलेले, वालीवमध्येच केस पिकलेले. पोराचे तुकडे शाई प्यायल्यामुळे फुटले आणि बाई रडली, एवढंच त्यांना कळलं. चार दिवसांनी मी गेलो तर चाचांनी ट्रेवरचं फडकं जादूगारासारखं उचललं. चाळीसच्या चाळीस तुकडे आरशासारखे चमकत होते.

"घे बेटा, आता तुझी इज्जत कोणी घेणार नाही," ते म्हणाले. "ग्लेज मारला. दोन कोट. एक एक भोक बोटाने भरला. रविवारची सुट्टी होती, घरी काय काम होता मला?"

फ्यूजला जी काचेसारखी चकाकी असते ती ग्लेजची. चाचांनी प्रत्येक भोकात तो बोटाने भरला होता आणि मग तुकडे पुन्हा भाजले होते. मी एक तुकडा हातात घेतला. इतकं सुबक काम माझ्या प्रयोगशाळेत कुणाला जमलं नसतं. आत्याने त्याला टिचकी मारली. टण्ण वाजला. शाईत बुडवला. एक थेंब आत गेला नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी चाचांकडे. चाचा आमच्या दोघांकडे बघून हसत होते.

"काय झालं? कमी चमकला काय?"

मी म्हणालो, "नाही चाचा. फारच छान." आणि त्यांच्या पाया पडलो. दुसरं काय करणार होतो? ते तुकडे अजून माझ्याकडे आहेत. मॅडमनी त्यांतले दोन टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवले.

तिसऱ्या खेपेला शेठनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून ट्रेला चिकटवली : "हाडे. ग्लेज मारू नये. फोडू नये. फक्त तपासून नोंद करावी." या वेळी तुकडे मनासारखे निघाले. नमुन्याचे दोन शाईत बुडवले तर शाई थेट गाभ्यापर्यंत गेली. आत्याने एक रंगलेला तुकडा घरी आणून पाण्याच्या पेल्यात टाकला. तो तीन दिवस गुलाबी रंग सोडत राहिला, हळूहळू, न थांबता. औषध असंच झिरपायला हवं होतं. ती कामावर जाताना आणि आल्यावर पेल्यात वाकून बघायची. "अजून सोडतो हाय," असं मला फोनवर सांगायची. माझ्या प्रबंधातला औषधाचा भाग खरं म्हणजे त्या पेल्यापासून सुरू झाला.

आता पुढची पायरी सशांची होती. सशाच्या हाडात तुकडा बसवून आत हाड वाढतं का ते पाहायचं. त्याला कॉलेजच्या समितीची परवानगी लागते आणि प्राणिगृहात जागा मिळावी लागते. आमचा नंबर पावसाळ्याच्या सत्रात होता. तो हुकला तर पुढचा नंबर सहा महिन्यांनी, आणि माझी शिष्यवृत्ती त्याआधी संपत होती. समितीने तुकड्यांची तपासणी जिथे झाली तिथली नोंद मागितली. म्हणून मी आत्याकडे रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स मागितली.

पानावर छापील खाने होते. तारीख, ट्रे, नग, आणि शेवटचा खाना : "शाई आत गेल्यास नापास." माझ्या ट्रेच्या प्रत्येक ओळीत आत्याने तिच्या गोल, स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : "शाई पूर्ण आत गेली. नापास."

"आत्या, इथे पास लिही ना."

"कशी लिहू? शाई गेली ना आत?"

"गेलीच पाहिजे ना. म्हणजे ते पास."

"तुझ्या कालेजात पास. या कागदावर काय छापलंय ते वाच. मी छापलेल्याच्या विरुद्ध कशी लिहू? उद्या कोनी बोललं, भाच्यासाठी लिवलं, मग?"

"मग नुसतं शाई आत गेली एवढंच लिही."

"आनि निकाल? निकाल कोन लिहनार, तुझा बाप?"

माझा बाप म्हणजे तिचा धाकटा भाऊ, त्यामुळे वाद तिथेच संपला. मॅडम म्हणाल्या, लाव तशीच झेरॉक्स, मागची पानं कुणी वाचत नाही.

एकाने वाचली. अशा समितीत एक सदस्य विज्ञानाच्या बाहेरचा असावा लागतो. आमच्या समितीत ते एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी माझा अर्ज वहीसारखा तपासून आणला होता. बैठकीत त्यांनी ते पान वर धरलं.

"हे सगळे तुकडे नापास आहेत."

"हो सर."

"आणि नापास तुकडे तुम्ही सशाला लावणार."

"सर, यात नापास होणं म्हणजेच पास होणं आहे."

"हे वाक्य पुन्हा एकदा म्हणा."

मी पुन्हा म्हणालो. दुसऱ्यांदा ते आणखी वाईट वाटलं. मी फ्यूजबद्दल सांगू लागलो. पशुवैद्यक सदस्यांनी विचारलं, सशाच्या शरीराशी फ्यूजचा संबंध काय. मी चाळीचा दाखला दिला. कुणीतरी विचारलं, ससे चाळीत ठेवणार का, प्राणिगृहात जागा नाही का? मॅडम छताकडे बघत होत्या. शेवटी अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि मायेने म्हणाले, "अहो, एवढं कशाला? नोंद कोणी केली?"

"कारखान्यातल्या एका कामगार बाईंनी."

"शिकलेल्या?"

"सातवी."

"झालं तर. एक ओळ लिहून द्या. नोंद करणारी व्यक्ती अल्पशिक्षित असल्याने अज्ञानातून चूक झाली. आता मंजूर करतो. पुढचा अर्ज घ्या."

मी लिहून दिलं. सही केली. चार मिनिटांत शिक्का बसला. खाली येऊन मी कॅन्टीनमध्ये बसलो आणि मॅडमनी मला वडा खाऊ घातला. एका कामगार बाईंनी असं मी म्हणालो होतो. माझ्या आत्याने, असं म्हणालो नव्हतो. वडा खाताना ते पहिल्यांदा टोचलं. तरी मी तो संपवला.

रविवारी आत्याने ताटावर बसू द्यायच्या आधीच विचारलं, "माझं रजिस्टर बघितलं का त्यांनी?"

"बघितलं."

"काय म्हनाले?"

मी म्हणालो, "अक्षर फार छान आहे म्हणाले."

आयुष्यात इतकं वाईट काही मी क्वचितच बोललो असेन, कारण तिचा विश्वास बसला. सोमवारी ती टेबलावर बोलली. मंगळवारी शेठना कळलं की मुंबईच्या डॉक्टरांच्या समितीने त्यांच्या चेकिंगचं कौतुक केलं. शेठनी मला फोन केला. समितीचा कागद पाठव म्हणाले, लॅमिनेट करून ऑफिसात लावतो, गिऱ्हाईक आलं की दाखवता येईल. मी म्हणालो, कागद इंग्रजीत आहे. ते म्हणाले, मग तर आणखीच चांगलं. मी म्हणालो, त्यात रजिस्टरबद्दल एकच ओळ आहे. ते म्हणाले, तेवढी मोठी करून लावू.

ती ओळ मोठी करून वालीवच्या कारखान्यात आत्याच्या टेबलासमोर भिंतीवर लागलेली मला दिसू लागली. शेठनी खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. आत्याने फोनवर सांगितलं, "तुझ्या कागदाचा खिळा बसलाय. सागवानी पट्टीवर."

त्या ओळीत खोटं काय होतं हे मी स्वतःला विचारत बसलो. ती सातवी शिकली आहे हे खरं. पण अज्ञान कुठे होतं? शाई आत गेली, हे तिने पाहिलं आणि लिहिलं. कागदावर जो नियम छापला होता त्याप्रमाणे निकाल दिला. भाच्यासाठी एक अक्षर बदललं नाही. त्या अख्ख्या प्रकरणात स्वतःचं काम चोख केलेलं एकच माणूस होतं आणि मी त्याच माणसाला लेखी अज्ञानी ठरवून आलो होतो.

समितीच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं, "मंजूर झालंय ना? मग?"

"मला स्पष्टीकरण मागे घ्यायचं आहे."

"म्हणजे नामंजूर करून हवंय?"

"नाही. पण ते खोटं आहे."

त्यांनी तीन खण उघडले. नामंजुरीवर फेरविचाराचा फॉर्म होता. मंजुरीवर फेरविचाराचा नव्हता. शेवटी त्यांनी पहिला फॉर्म दिला आणि "ना" तेवढा खोडायला सांगितला. अध्यक्ष म्हणाले, माझ्या कारकिर्दीत असा माणूस पाहिला नाही. मॅडम दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "शिष्यवृत्ती संपल्यावर राहणार कुठे आहेस?" पुढच्या बैठकीत मी नीट लिहून नेलं होतं. नोंद अचूक आहे, छापील नियम फ्यूजसाठी आहे, आमच्या तुकड्यांना तो उलटा लागू होतो. आणि नोंद करणारी व्यक्ती माझी आत्या आहे. मुख्याध्यापकांनी पूर्ण वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "मग त्या दिवशी हेच का नाही लिहिलंत? खान्याचं शीर्षक चुकीचं आहे, बाईंचं उत्तर बरोबर आहे." त्यांनी सर्वात आधी सही केली. पण तोपर्यंत प्राणिगृहातली आमची जागा दुसऱ्याला गेली होती.

ससे आम्हाला पुढच्या सत्रात मिळाले, सिरॅमिकच्या भोकांत हाड वाढलं, माझ्या नावामागे डॉक्टर लागलं. ते सगळं नंतरचं. त्या बैठकीनंतर मी दोनदा नालासोपाऱ्याला गेलो, सांगायचं ठरवून गेलो, आणि दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलो. म्हणून लिहिलं. पत्र असं होतं.

आत्या,

मी परवा आलो होतो ते हे सांगायला. तू कांदाभजी केलीस आणि मला जमलं नाही.

समितीत तुझ्या अक्षराबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. ते मी मनाने सांगितलं. खरं काय झालं ते लिहितो. तुकडे नापास कसे, असं त्यांनी विचारलं. मला नीट उत्तर देता आलं नाही. मग मी लिहून दिलं की नोंद करणारी बाई अल्पशिक्षित आहे, अज्ञानातून चूक झाली. हे मला सुचवलं दुसऱ्याने, पण लिहिलं मी आणि सही माझी आहे. तू माझी आत्या आहेस हेही मी त्या दिवशी सांगितलं नाही. का नाही सांगितलं याचं चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. लाज वाटली असं म्हटलं तर तुला वाईट वाटेल, पण दुसरं काही म्हटलं तर ते पुन्हा खोटं होईल.

ते आता मी मागे घेतलं आहे. नवीन कागदावर तुझी नोंद बरोबर आहे असं लिहिलं आहे आणि समितीने त्यावर सह्या केल्या आहेत. त्याची झेरॉक्स सोबत आहे. खाली मराठीत अर्थ लिहिला आहे. वाचून बघ, आणि कुठे मी स्वतःला जास्त चांगलं दाखवलं असेल तर पेन्सिलीने खूण कर.

ससे या सत्रात मिळणार नाहीत. शिष्यवृत्ती ऑक्टोबरमध्ये संपेल. त्याची काळजी तू करू नकोस. कॉलेजात तासिकेवर शिकवायचं काम मिळेल असं मॅडम म्हणाल्या आहेत. त्या आता बोलतात.

शेठना काय सांगायचं ते मी सांगेन. तू सांगू नकोस. खिळा रिकामा राहिला तर राहू दे, किंवा कॅलेंडर लावायला सांग.

आणखी एक काम आहे. हाडांच्या तुकड्यांसाठी वेगळं रजिस्टर करायला समितीने सांगितलं आहे. त्याचं पहिलं पान मी आखून पाठवतो आहे. तारीख, ट्रे, नग एवढं लिहिलं आहे. शेवटच्या खान्याचं शीर्षक कोरं ठेवलं आहे. मी चार वेळा लिहून बघितलं, चारही वेळा ते वाचून माणूस गोंधळेल असं झालं. एक नजर टाकली की चेकिंगच्या कुठल्याही बाईला पास काय नि नापास काय ते कळलं पाहिजे. ते तुला जमेल. तू लिही, मग मी छापायला देतो.

मी रविवारी येतो आहे. येऊ नको असं वाटलं तर शेजारच्या काकूंकडून निरोप दे. निरोप नाही आला तर नेहमीच्या वेळी पोचेन. ताट वाढू नकोस, आधी बोलू.

तुझा भाचा